काळुरामने दोनदा मोडलेला शब्द

पेणच्या खारेपाटात, खाडीच्या बांधाला पाठ लावून बसलेलं धाकटी खार नावाचं गाव आहे. तिथं एखादी गोष्ट अगदी पक्की आहे असं सांगायचं असेल तर माणसं "काळुराम बोललाय" एवढंच म्हणतात. मग पुढे कुणी शंका काढत नाही.

काळुराम म्हात्रे तसा साधाच माणूस. जवानीत बारा वर्षं मिठागरात राबला. मिठागर बंद पडलं तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला आणि पेणहून गाडीने ये-जा करू लागला. शिवाय गावच्या उघाडीची राखण त्याच्याकडे होती, बापाकडून, म्हणजे महिपतीकडून आलेली. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात बसवलेलं दार. भरतीला ते घट्ट लागलं पाहिजे, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर गेलं पाहिजे. दार चुकलं की खारं पाणी भातात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात गवतसुद्धा रुसून बसतं. अशा दाराची राखण करता करता माणसाचा स्वभावही तसाच झाला होता. एकदा मिटलं की मिटलं.

याचं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे पोपट. पोपट हा काळुरामच्या धाकट्या बहिणीचा, मैनाचा नवरा. दोघं रोह्याजवळ, अष्टमी नावाच्या गावात राहतात. अकरा वर्षांपूर्वी पोपट पाहुणा म्हणून आला असताना काळुरामने स्वतः खाडीतले खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या पकडून, स्वतः कालवण केलं होतं. पोपटने पहिला घास घेतला आणि चार माणसांत हसत म्हणाला, "मिठागरवाल्यांच्या घरात मीठ फुकटचं, मग काय, ओता!"

बस्स. मिठागरात बारा वर्षं पाय सोलून घेतलेल्या माणसाला मिठावरून बोलायचं? काळुराम ताटावरून उठला आणि बोलला, "दाजी, आजपासून तुमच्या घरचं मीठ मी खाणार नाय."

तेव्हापासून अकरा वर्षं तो बहिणीकडे भाऊबीजेला जायचा, ओवाळून घ्यायचा, बिनमिठाचा चहा प्यायचा, दोन केळी खायचा आणि उपाशीपोटी परत यायचा. पोपटशी सरळ बोलणंही बंद. "मैने, दाजींना सांग पंखा जरा हळू करा," असं, दाजी हातभर अंतरावर बसलेले असताना. मैना बिचारी दोघांच्या मध्ये निरोप्या होऊन गेली होती.

अशा माणसाच्या पोटी मृणाली जन्मली. सतरा वर्षांची, बारावीला, पेणच्या कॉलेजात. हसरी, वटवटी, आणि हट्टाच्या बाबतीत बापाच्या वरताण.

आषाढात काळुरामच्या लक्षात आलं की घरचा कुत्रा मोती जाड व्हायला लागलाय. घरात त्याला भाताशिवाय काही मिळत नव्हतं. मग एक दिवस अंगणात चिंबोरीच्या नांगीचं कवच सापडलं. घरात तर पंधरा दिवसांत चिंबोरी शिजली नव्हती. पुढे मृणालीच्या चपलेला खाडीचा चिखल दिसला. शेतातला चिखल वेगळा, खाडीचा वेगळा. हा करडा, चिकट, नखात शिरला की चार दिवस निघत नाही आणि वास तर विचारूच नका. काळुरामने लेकीच्या नखांकडे पाहिलं. लेकीने नखांना गडद जांभळा रंग लावला होता.

"पोरगी रात्रीची बाहेर जाते," तो बायकोला, अनिताला म्हणाला.

आईचं डोकं पहिलं जिथं जातं तिथंच अनिताचंही गेलं. "कोन पोरगा आसंल वो?"

"पोराला भेटाया कोन चिखलात जातंय? बांधावर जातात. चिंबोऱ्या भाजतात. एकटी नाय, चार-पाच जनं हायेत."

"तुम्हाला कसं ठावं?"

"भांगाच्या रात्रीच जाते. भरती छोटी, पानी लांब असतं तेव्हा. उधानाला घरात झोपते, गुणी लेकरावानी."

एवढं अचूक ओळखणारा बाप पुढे मात्र मूर्खासारखा वागला. त्याने मागच्या दाराला कुलूप लावलं, तर मृणाली मोरीच्या खिडकीतून गेली. खिडकीला खिळे ठोकले, तर त्याची रात्रपाळी असताना ती पुढच्या दारातून सरळ चालत गेली. मग त्याने अंगणात गुडघ्याएवढ्या उंचीवर मासेमारीची दोरी ताणली आणि तिला रिकामे डबे बांधले. पहाटे चारला पहिल्या पाळीसाठी निघताना तो स्वतःच त्यात अडकून जो आपटला, त्या आवाजाने अर्धी धाकटी खार जागी झाली. मृणाली दारात आली आणि काळजीने म्हणाली, "गो माय! बाबा, लागलं का?" अनिताने पदर तोंडात कोंबला. मोती मात्र एकदाही भुंकला नाही. त्याला नांग्या पोचत होत्या.

माणूस आपटला की त्याचा राग सरळ रेषेत जात नाही. त्या संध्याकाळी लंगडत घरी आल्यावर काळुरामने लेकीला समोर उभं केलं. कुठं जातेस, कशाला जातेस, एक शब्द विचारला नाही. सगळं आपल्याला ठाऊकच आहे या तोऱ्यात तो म्हणाला, "ऐक. परत रातचं या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस, तर या घरात परत यायचं नाय. मी बोललो."

मृणालीचं हसू मावळलं. काळुराम बोलला म्हणजे काय, हे तिने अकरा वर्षं अष्टमीत आत्याकडे जाऊन पाहिलं होतं.

महिनाभर सगळं शांत होतं. काळुराम खूश. "बघितलंस? येका वाक्यात काम," तो अनिताला म्हणायचा.

भादव्याची पौर्णिमा आली. भात पोटरीत, कणीस बाहेर पडायच्या बेतात आलेलं आणि वर्षातलं मोठं उधाण त्याच दिवसांत येतं, म्हणून काळुराम रात्री उघाडीवर गेला. भरतीची वेळ काढायचा हिशोब त्याला बापाने शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. पण ही वेळ मोठ्या दर्याची. तिथून पाणी धरमतरच्या खाडीत शिरणार, वळणं घेणार, चिखलात रेंगाळणार आणि धाकट्या खारीला पोचेपर्यंत वर दीड-पावणेदोन तास घेणार. म्हणजे एक वाजता. साडेबारापर्यंत त्याने दार तपासलं, फटीत चिखल थापला आणि बांधावरून बॅटरी मारत निघाला.

बांधावर मोती बसला होता. पाण्याकडे तोंड करून, कान ताठ.

काळुरामने त्या दिशेला पाहिलं. बांधापलीकडे जुन्या मिठागराची खोपी होती. छप्पर केव्हाच उडालेलं, दगडी जोतं तेवढं उरलेलं. तिथं जायला मातीची अरुंद वाट होती, दोन्ही बाजूंना पुरुषभर खोल चर. वाट आता पाण्याखाली गेली होती. आणि जोत्यावर फोनचे तीन उजेड हलत होते. त्यातला एक उजेड खाली, पाण्याकडे उतरत होता, आणि तो वाटेच्या नाही, चराच्या बाजूला उतरत होता.

"थांब!" काळुराम असा ओरडला की त्याचा त्यालाच आवाज ओळखू आला नाही. "हलू नको! पाय वर घे!"

उजेड थिजला. काळुरामने लुंगी खोचली आणि पाण्यात उतरला. बारा वर्षं डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन याच वाटेवरून गेलेला तो. डोळे विसरले असते, पावलं विसरली नव्हती. पाणी गुडघ्यावर, मग मांडीवर. चांदणं ढगात जात-येत होतं. मनात एकच चाललं होतं, की ती तिथं नसू दे. आणि लगेच दुसरं, की तिथंच असू दे, पाण्यात नको.

होती. जोत्यावर मृणाली, शेजारची भाविका आणि गावातला निकेश, तिघंही चिमण्यांएवढी होऊन बसलेली. मध्ये एका पुठ्ठ्यावर केक. भाविकाचा वाढदिवस होता.

काळुराम जोत्यावर चढला. त्याने आधी दगडाच्या कडेवरची पांढरी खूण हाताने चाचपली. जुन्या उधाणांचं मीठ तिथं रेघ ओढून बसलं होतं आणि पाणी त्या रेघेच्या वीतभर खाली होतं. "जोत्यावर पानी येत नाय," तो म्हणाला. "पन आता कुनी उतरायचं नाय. अजून वाढनार. अडीच वाजता वाट उघडी पडंल. बसा."

"काका, फोनवर भरती साडेअकराला होती," निकेश रडवेला होऊन म्हणाला. "आम्ही सव्वाबाराला आलो. म्हंजे पानी उतरायला पायजे होतं ना?"

"फोनवरची भरती मुंबईची रे, शहाण्या. मुंबईवरनं पानी काय मोटरसायकलवर येतंय?"

भाविका फिसकन हसली आणि त्याच दमात रडली. मग चौघं बसून राहिले. दोन तास काढायचे होते. थोड्या वेळाने भाविकाने भीत भीत केकचा तुकडा पुढे केला. काळुरामने तो रागाने घेतला, रागाने खाल्ला आणि बोटं चाटली. "कुठला हाय?"

"पेनवरनं आनला."

"बरा हाय."

केक संपल्यावर त्याला मृणालीच्या हातातला फोन दिसला. वरच्या कोपऱ्यातल्या रेघा भरलेल्या होत्या, पूर्ण.

"रेंज हाय?" त्याने विचारलं.

"हाय."

"पानी कवा वाढताना दिसलं?"

"पंधरा-वीस मिनटं झाली आसतील, तू यायच्या आधी."

"मग मला फोन का नाय केलास?"

मृणाली पाण्याकडे बघत अगदी साध्या आवाजात, भांडणाचा सूर नसलेल्या आवाजात म्हणाली, "तूच बोललास ना, परत यायचं नाय म्हनून. मला वाटलं, फोन करून काय उपेग? म्हनून निकेशला बोलले, तू आधी उतरून बघ."

खारं पाणी आत येऊ नये म्हणून दार लावावं आणि आपलंच माणूस बाहेर राहावं, असं झालं होतं. त्याच्या एका वाक्याने खरंच काम केलं होतं. पोरगी बाहेर जायची थांबली नव्हती, हाक मारायची थांबली होती. सतरा वर्षं वाढवलेल्या लेकीला, गळ्याशी पाणी आलं तरी, बापाला फोन करायची सोय त्याने ठेवली नव्हती. त्याचे डोळे भरून आले आणि चांदणं नेमकं तेव्हाच ढगाबाहेर आलं, म्हणून त्याने तोंड फिरवलं.

तोंड न वळवताच त्याने लेकीला घरच्या नावाने हाक मारली, "मिने, तो शब्द मी मागं घेतला."

मृणालीने मान वळवून बापाकडे पाहिलं. "घेता येतो?"

"माझा हाय. मी दिला, मी घेतला."

अडीचला वाट वर आली. पुढे काळुराम, मागे एकमेकांचे हात धरून तिघं, बांधावर शेपटी हलवणारा मोती. घरी अनिताने आधी लेकीला पोटाशी धरलं, मग पाठीत दोन धपाटे घातले आणि मग नवऱ्याला म्हणाली, "आता काय शिक्षा करताय?"

"बारा दिवस माझ्यासंगं उघाडीवर यायचं. रोजची भरती तोंडपाठ करायची."

"ही शिक्षा?"

"चिखल साफ करायचा हाय तिला. मला कंबर वाकवत नाय." मग तो लेकीकडे वळला. "आनि येक. मला न विचारता गेलीस तर मी वराडनार. लय वराडनार. पन कुठंबी अडकलीस, कितीबी खोटं बोलून गेली आसलीस, तरी पयला फोन मला. मी आधी येनार, मग वराडनार. मी बोललो."

अनिताने कपाळावर हात मारला. "झालं, परत बोलला!"

मृणाली बारा दिवस चिखलात उतरली. तिथीची पाऊणपट तिला दुसऱ्या दिवशीच आली. खाडीचा दीड तास मिळवायला ती कधी विसरली नाही. मग बाप-लेकीचा एक करारच झाला. भांगाच्या रात्री, बापाला सांगून, बांधाच्या आतल्या बाजूला बसून चिंबोऱ्या भाजायच्या, दहाला घरी. कधीकधी बापही बसायचा. पोरांना ते तितकंसं आवडायचं नाही, पण चिंबोरी भाजावी तर काळुरामकाकानेच, हे ती मान्य करायची.

आता कुणाला वाटेल पोरगी सुधारली. सतराव्या वर्षी कुणी एवढ्यात सुधारत नसतं.

मार्गशीर्षात मृणाली "भाविकाकडे झोपते, अभ्यास हाय" असं सांगून गेली. काळुराम दुसऱ्या पाळीवरून येऊन, जेवून आडवा झाला होता. रात्री बाराला फोन वाजला.

"बाबा."

"कुठं हायस?"

"रोह्यात. मैत्रिनीच्या, सुरभीच्या बहिनीची हळद हाय. मी खोटं बोलले." मागे डीजे दणदणत होता. "आम्ही निकेशच्या गाडीवर परत येनार होतो. पन तो प्यायलाय. त्याला चावी नीट लावता येत नाय. मी त्याच्या गाडीवर बसत नाय. भाविकालापन बसू देत नाय. त्याची चावी मी काढून घेतलीय."

काळुरामच्या तोंडात जे जे आलं ते त्याने गिळलं. रोहा इथून तासभराच्या वाटेवर. तोवर दोन पोरी मांडवाबाहेर उभ्या. अष्टमी तिथून पुलापलीकडे, पाच मिनिटांवर. अष्टमीत बहीण होती. पण बहिणीचा फोन रात्री बंद असतो हे त्याला ठाऊक होतं. चालू असतो तो पोपटचा.

तो अंगणात गेला आणि दोनदा फोन खिशात ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"हॅलो? कोन?"

"दाजी," काळुराम म्हणाला. अकरा वर्षांनी. "मी काळुराम."

पलीकडे पोपट ताडकन उठून बसल्याचा आवाज आला. "काय झालं? कोन गेलं?"

"कोन नाय गेलं. आपली मिनी अडकलीय." त्याने सगळं सांगितलं.

पोपटने पुढे एक शब्द विचारला नाही. "निघालो," म्हणाला आणि फोन ठेवला.

काळुरामने शर्ट चढवला, गाडीला किक मारली. गडबपर्यंत तो तोंडाने, मोठ्याने, मृणालीला झापत होता. नागोठण्यापर्यंत सगळी वाक्यं चांगली घोटून तयार झाली होती. पुढे थंडी वाढली, रस्ता मोकळा झाला आणि त्याला एकदम लक्षात आलं की तिने फोन केलाय. खोटं उघडं पडणार हे ठाऊक असून केलाय. दुसऱ्या कुणाला नाही, त्याला केलाय. तो एकटाच गाडीवर हसला, कुणी पाहिलं असतं तर याला भूत लागलं म्हणालं असतं.

अष्टमीत पोचला तेव्हा सव्वा वाजला होता. पोपटच्या ओटीवर निकेश गोधडीत गुंडाळून घोरत होता, शेजारी मैनाने खबरदारी म्हणून बादली ठेवली होती. आत भाविका पेंगत होती. मृणाली उभी राहिली. पोपट उलटा बनियन घालून दारात.

काळुरामने लेकीकडे पाहिलं. "आलो," तो म्हणाला. "आता वराडू?"

"वराड," ती म्हणाली आणि खाली मान घातली.

तो जे ओरडला, त्याने निकेशसुद्धा घोरायचा थांबला. खोटं बोललीस, आईला फसवलंस, महिनाभर कुठल्या हळदीला जायचं नाय, सगळं झालं. मग दम लागला म्हणून तो पाटावर बसला.

मैना हळूच म्हणाली, "दादा, चहा टाकू? केळी हायेत."

पोपट खांबाला टेकून उभा होता. मध्यरात्री अंगावरच्या कपड्यांनिशी धावत जाऊन त्याने दोन्ही पोरींना आणि त्या दारुड्यालाही, दोन खेपा करून, घरी आणलं होतं, आणि त्याबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता.

"दाजी," काळुराम म्हणाला, "जेवायला काय हाय?"

मैनाच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"वालाचं बिरडं हाय," पोपट चाचरत म्हणाला. "रातचं उरलेलं. पन त्यात... मीठ हाय."

"वाढा."

काळुराम हात धुऊन बसला. सगळं घर त्याच्या हाताकडे बघत होतं. त्याने बिरडं-भात कालवला, घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"कसं हाय?" पोपटने विचारलं.

अकरा वर्षं हे वाक्य त्याच्या ओठांवर येऊन बसलं होतं.

"मीठ कमी पडलंय, दाजी."

पोपट पोट धरून हसत खाली बसला. मैना डोळे पुसत मिठाची बरणी घेऊन आली आणि ती आख्खीच भावापुढे ठेवली. मृणालीने बापाच्या ताटात हात घालून एक घास उचलला. त्याने तिचा हात बाजूला सारला नाही, ताट थोडं तिच्याकडे सरकवलं.